दोघींच्या मालकीची खाट

मंडळाच्या चिटणीसबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या होत्या, आणि पत्रांसारखीच माणसंही आडनाव बघून खणात टाकायची त्यांची सवय काही सुटली नव्हती. शनिवारच्या बैठकीत कामं वाटताना त्यांनी एकाच आडनावाच्या दोन बायकांना एका कामाला लावलं. वर हेही सांगितलं, की एकाच घरच्या आहात, मिळून जाल-याल, मंडळाचं गाडीभाडं वाचेल.

त्या एकाच घरच्या होत्या हे खरं. सख्ख्या जावा होत्या. पण गेली पाच-सहा वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं. जावा जावा, उभा दावा असं म्हणतात. यांचा दावा उभा राहून राहून थकला होता आणि आता नुसता बसून होता. भांडण नाही, आवाज नाही. समोर आल्या की एक भिंतीकडे बघायची, दुसरी पर्स उघडून काहीतरी शोधायची.

थोरली मंडळात जुनी. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर वर्षी मंडळ जुन्या वस्तूंची विक्री भरवायचं. लोक भांडी, कपडे, पुस्तकं, बंद पडलेली घड्याळं आणून द्यायचे आणि थोरली त्यांच्या किमती ठरवायची. त्या पैशातून मंडळाने वॉकर, चाकाच्या खुर्च्या, आजाऱ्यांसाठी हँडल फिरवून डोक्याकडून उचलता येणारे पलंग घेतले होते. ज्याच्या घरी गरज असेल त्याने फुकट न्यायचे, काम झालं की परत करायचे, एवढाच नियम.

धाकटी अलीकडे आलेली. टेलिफोन खात्यातली नोकरी संपली, मुलगा परगावी गेला, घर खायला उठलं, तेव्हा शेजारणीने मंडळाचं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी ती जिना चढून वर आली तर समोर मोठ्या जाऊबाई, हातात एक पोचा पडलेलं पातेलं. मागे फिरली असती, तर पळून गेली असं झालं असतं. म्हणून ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली आणि मग बसतच राहिली.

अबोल्याचं कारण म्हणाल तर एक वाक्य. सासूबाई थोरलीकडे वर्षभराहून अधिक अंथरुणाला खिळून होत्या. धाकटी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, पाळीची नोकरी. सुटीच्या दिवशी यायची, अंग पुसायची, केस विंचरायची आणि संध्याकाळी परत जायची. सासूबाई गेल्या त्या कामाच्या दिवशी. भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं, धाकटी होती का शेवटी जवळ? थोरलीला कित्येक रात्री झोप नव्हती. ती सगळ्यांच्या देखत बोलून गेली, की ती काय, पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखी जायची. धाकटी मागेच पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेली. त्यानंतर त्या घरात तिने पाऊल टाकलं नाही.

आता चिटणीसबाईंनी दोघींना दिलेलं काम असं होतं. बसवरचे एक निवृत्त ड्रायव्हर होते. त्यांच्या बायकोच्या आजारपणात मंडळाने त्यांना पलंग दिला होता. बाई जाऊन काही महिने लोटले तरी पलंग परत येत नव्हता. टेम्पो दोनदा रिकामा परतला. एकदा ड्रायव्हर म्हणाले, घरात पाहुणे आहेत. एकदा त्यांनी दारच उघडलं नाही. आणि इकडे एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं खुब्याचं ऑपरेशन होऊन ती सोमवारी घरी येणार होती, तिला पलंग हवा होता.

बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, माणसाचा जीव गुंतलाय त्यात, बायकोने शेवटचा श्वास घेतला तो पलंग आहे. रंगाचं दुकान चालवणारे सभासद म्हणाले की जीव गुंतला हे ठीक, पण पलंग लोकांच्या पैशाचा आहे. एक कडक पत्र पाठवा. शेवटी ठरलं की बायकांनी जावं. बायका दारात उभ्या राहिल्या तर माणूस अगदीच तोंडावर दार लावणार नाही.

सोमवारी सकाळी टेम्पो वाचनालयापाशी उभा होता. टेम्पोवाल्याशेजारी दोघी बसल्या. थोरली खिडकीशी, धाकटी मध्ये, आणि दोघींच्या मध्ये थोरलीची पिशवी. टेम्पोवाल्याने पत्ता विचारला तर दोघींनी त्याला वेगवेगळा रस्ता सांगितला. त्याने मान हलवली आणि तिसऱ्याच रस्त्याने गाडी नेली.

ड्रायव्हरांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, जणू आत्ता कामावर जायचंय. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत तो पलंग, चादर ताणून बसवलेली, सुरकुती म्हणून नाही. ते भिंतीला हात लावत खुर्चीवर बसले. थोरली अशा प्रसंगी बोलते तशा समजुतीच्या आवाजात बोलू लागली. तुमचं दुःख आम्हाला कळतं, आठवणी असतात, पण आठवणी काही पलंगात नसतात, तिकडे एक बाई ताटकळत आहे, वगैरे. ड्रायव्हर जमिनीकडे बघत हो हो म्हणत होते. मग म्हणाले, अजून थोडे दिवस राहू द्या. फार आठवण येते.

धाकटी पाणी आणायला म्हणून आत गेली. स्वयंपाकघर लख्ख होतं. कोपऱ्यात एक पातळ सतरंजी गुंडाळून उभी केलेली. बाकी गादी नाही, खाट नाही, अंथरुणांची वळकटी नाही. तिने पाणी भरलं, पण बाहेर यायला जरा वेळ लावला. मग पेला त्यांच्या हातात देत तिने अगदी साधेपणाने विचारलं,

"हा पलंग यायच्या आधी तुम्ही कुठे झोपत होतात?"

ड्रायव्हर पाणी प्यायले. पेला गुडघ्यावर धरून बसले. थोरलीला वाटलं, हिने नको ते विचारलं. ती काहीतरी सावरून घेणार, तेवढ्यात ते बोलू लागले.

मोठा पलंग होता घरात, दोघांचा. पण हा आला तेव्हा दोन्ही मावेनात, म्हणून तो देऊन टाकला. बायकोला म्हणाले होते, तू बरी हो, मग नवीन घेऊ. ती गेल्यावर एक रात्र ते सतरंजीवर झोपले. सकाळी उठताच येईना. सगळा जन्म क्लच दाबण्यात गेलेला, गुडघे कामातून गेलेले. शेवटी भिंतीवर वाटी आपटून शेजाऱ्याला बोलवावं लागलं आणि त्याने काखेत हात घालून उठवलं. त्या दिवसापासून ते या पलंगावर झोपत होते.

"लोक म्हणतात, बायकोच्या आठवणीसाठी ठेवलाय," ते म्हणाले. "मी म्हटलं, म्हणू दे. ते ऐकायला बरं वाटतं. घरात पाठ टेकायला जागा नाही, हे कोणाला सांगायचं?"

खाली टेम्पोवाल्याने एकदा हॉर्न वाजवला. थोरलीच्या मनात मघाचं आपलं सगळं प्रवचन फिरून गेलं आणि तिला कानकोंडं झाल्यासारखं वाटलं. मंडळाकडून दुसरी खाट मिळण्यासारखी नव्हती. होते ते सगळे पलंग आजाऱ्यांकडे गेलेले. तिने पदराने कपाळ टिपलं. मग ती ड्रायव्हरांकडे बघत, पण जरा मोठ्याने, म्हणाली,

"आमच्याकडे एक खाट आहे. लाकडी, उंच, उठायला-बसायला सोपी. आमच्या सासूबाईंची. पण ती माझ्या एकटीची नाही, दोघींची आहे. विचारल्याशिवाय मला देता येणार नाही."

"विचारा की मग," ड्रायव्हर म्हणाले. "कोणाला विचारायचंय?"

थोरलीने मान वळवली. इतक्या वर्षांत ती धाकटीकडे सरळ अशी पहिल्यांदाच बघत होती. धाकटीचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. ते तिला दुरून कधी दिसलेच नव्हते.

धाकटी रिकामा पेला हातात घेऊन उभी होती. तिने तो उगाच पुसला.

"द्या ना, ताई," ती म्हणाली. "त्यात काय विचारायचं."

ड्रायव्हर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, प्रश्न खाटेचा होता.

टेम्पो थोरलीच्या घराकडे वळला. यावेळी पिशवी पायाशी गेली होती. घराच्या दारात धाकटी क्षणभर थबकली. थोरलीने मागे न बघता, उंबऱ्याची ठेच लागेल, जपून ये, एवढंच म्हटलं आणि धाकटी आत आली. मागच्या खोलीत खाट होती, तिच्यावर विक्रीसाठी आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग. दोघींनी मिळून तो उतरवला. खाली सासूबाईंची गोधडी अजून तशीच घडी करून ठेवलेली. धाकटीने ती उचलून छातीशी धरली, वास घेतला आणि कपाटावर ठेवली. थोरली खाटेचे पाय तपासत बसली होती. तिला ते अंमळ जास्तच वेळ तपासावे लागले.

टेम्पोवाला पुढून, या दोघी मागून, अशी खाट बाहेर निघाली. दारात ती अडकली. थोरली म्हणे उजवीकडे तिरकी कर, धाकटी म्हणे आधी मागे घ्या. टेम्पोवाला मध्ये चेपला जाऊन ओरडला, की आधी दोघी मिळून ठरवा, मग मला सांगा. तेव्हा धाकटीला हसू फुटलं आणि हसण्याने हातातली खाट सुटली. ती थोरलीच्या अंगठ्यावर पडली नाही हे नशीब.

खाट घसरू नये म्हणून धरायला दोघी मागे हौद्यातच बसल्या. गाडी चालू झाली. वाऱ्याने बोलणं ऐकू यायला ओरडावं लागत होतं, आणि कदाचित म्हणूनच ते बोलणं झालं.

"मी थकले होते गं त्या दिवशी," थोरली म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

थोरलीने वाऱ्याने उडणारा पदर खोचला आणि ती म्हणाली, आई शेवटी शेवटी मला तुझ्या नावाने हाक मारायच्या. केस विंचरायला सांगायच्या. मी विंचरले की म्हणायच्या, आज हात जड आहे तुझा. मला राग यायचा. मी सगळं करते आणि नाव तुझं.

धाकटीने खाटेचा पाय धरलेला हात सोडून थोरलीच्या दंडाला धरलं, कारण गाडी वळणावर होती आणि थोरलीचा तोल जात होता. वळण संपलं तरी तिने हात काढला नाही.

ड्रायव्हरांनी खाटेवर बसून बघितलं, उठून बघितलं, पुन्हा बसले. त्यांना ती पलंगापेक्षाही सोयीची वाटली. पलंग खाली नेताना मात्र ते दारापर्यंत आले, हँडलवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले की हे जरा करकरतं, तेल घालून ठेवलंय, तरी त्या बाईंना सांगा, हळू फिरवा. आठवण होतीच, ती त्यांनी खोटी सांगितली नव्हती.

शिवणकामवाली बाई दुपारी घरी आली तेव्हा तिचा पलंग खिडकीशी मांडून तयार होता. हँडल कसं फिरवायचं हे दोघी जावा तिच्या नवऱ्याला एकदमच समजावू लागल्या, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, एक कोणीतरी सांगा. धाकटीने हँडल फिरवलं. बाईचं डोकं हळूहळू वर आलं. कित्येक दिवस नुसतं छत बघत पडलेल्या तिला खिडकीतून रस्ता दिसला, समोरचं दुकान दिसलं, येणारी-जाणारी माणसं दिसली. तिने सगळं बघून घेतलं. मग तिची नजर धाकटीवर आली आणि खांद्यापाशी थांबली.

"हा ब्लाउज कोणी शिवला?" तिने विचारलं. "खांदा पार उतरलाय. मी उठले की आणून द्या, नीट करून देते."

"मी तिला केव्हाची सांगणार होते," थोरली म्हणाली.

"केव्हापासून?" धाकटीने विचारलं.

"तू मंडळात आलीस तेव्हापासून."

बाईचा नवरा चहा घेऊन आला तेव्हा तिघी हसत होत्या, आणि कशाला हसताय, हे त्याला कोणी सांगितलं नाही.