भुवीची फिट आणि नवी कंपनी

माझा लेक शिवकुमार लई हुशार. मी दुसरीतून शाळा सोडली, त्यानं कॉलेज केलं, आता टॉवेलचा कारखाना चालवतो. म्हणून नातीच्या विम्यात डोकं त्याचंच चाललं.

भुवी आठ वर्षांची. चार वर्षांची असल्यापासून तिला फिट येते. जुन्या विमा कंपनीनं तिच्या दवाखान्याचा खर्च दिला, मग आमचं हॉस्पिटलच यादीतनं काढलं. शिवकुमार निघाला कंपनी बदलायला. एजंट कोण, तर सूनबाईचा मावसभाऊ मल्लेश. चहा संपवून हळूच म्हणाला, "दाजी, फिटचं लिहू नका. नवी कंपनी घेणार न्हाय. शिवाय मुलीची जात, उद्या स्थळं यायची."

आठ वर्षांच्या पोरीला स्थळं! दोघा शहाण्यांनी तिचं लग्न विम्याच्या फॉर्मवरच जमवलं.

मग नव्या कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. कारखान्यात मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही, म्हणून शिवकुमारला फोन स्पीकरवर लावून ओरडायची सवय. घरात कुठले माग? तरी ओरडतोच. मी आत कडक भाकरी थापत होते, तिथवर शब्दन् शब्द येत होता.

"मुलीला दमा, फिट, हृदयाचा काही त्रास?"

"काही नाही मॅडम! एकदम ठणठणीत!"

मी पिठाच्या हातानंच बाहेर आले. "बाई, ठणठणीत त्याचा गळा हाय. पोरीला फिट येते. गोळ्या चालू हायत."

"अव्वा!" लेक आता आईवरच ओरडला.

"गप रे. उद्या पोरगी दवाखान्यात पडली की हीच बाई विचारंल, गोळ्या कधीपासनं? तवा काय सांगशील, कालपासनं?"

डॉक्टरीण हसली. "बरं झालं सांगितलंत, आजी. लपवलं असतं तर पुढं क्लेम नाकारला असता. जुनी पॉलिसी खंड न पडता चालू आहे ना? मग पोर्ट करा, म्हणजे तीच पॉलिसी आमच्याकडं आणा. जुन्या आजारासाठी थांबायची वर्षं तिकडं भरलीत, ती इकडं धरतात. घ्यायचं की नाही ते मात्र कागद बघून ठरेल."

कागद गेले. सूनबाई देवापुढनं हलेना. शिवकुमार माझ्याशी बोलेना. घर जरा शांत झालं.

उत्तर आलं. हप्ता वाढला, पण फिटचा खर्च पहिल्या दिवसापासून मिळणार.

मल्लेश पेढे घेऊन हजर. "बघा मावशी, करून दिलं की न्हाय काम?"

"व्हय बाबा. तुझ्याशिवाय कुणाला जमलं असतं!"

भुवीनं माझा पदर ओढला. "अज्जी, आता मला फिट आली तर चालंल?"

"चालंल. पण मुद्दाम बोलावू नको."