पंचांची शिट्टी

बेकरीच्या भट्टीवरच्या रात्रपाळीतून सुटून जावई घरी यायचा, अंघोळ करून सकाळी नऊला आडवा व्हायचा, आणि सव्वानऊला भिंतीपलीकडे सासऱ्यांची मॅच सुरू व्हायची.

सासरे निवृत्त फुटबॉल पंच. आपण शिट्टी फुंकलेल्या एकेचाळीस सामन्यांचं चित्रण त्यांनी घरातल्या जुन्या कंप्यूटरवर साठवलं होतं. रोज एक सामना लावायचा, स्पीकर होता नव्हता तेवढा पिळायचा आणि स्वतःचेच निर्णय तपासायचे, हा त्यांचा नेम. आजवर एकही निर्णय चुकलेला आढळला नव्हता.

शुक्रवारी घरात कोणी नसताना जावयानं टेबलाखाली हात घालून स्पीकरची हिरवी पिन उपटली आणि शेजारच्या माईकच्या गुलाबी छिद्रात खोचली. नुसती लोंबत ठेवली असती तर कोणाच्याही नजरेत भरली असती. गुलाबी छिद्रात ती कशी साळसूद दिसत होती. तीन दिवस जावई मेल्यासारखा झोपला.

चौथ्या दिवशी मेव्हणा आला. त्याचं दुकान मोबाइलच्या कव्हरांचं, पण घरातल्या प्रत्येक यंत्राचा डॉक्टर तोच. त्यानं पडद्यावरचा आवाज शंभरावर नेला, कसलेसे ड्रायव्हर काढून परत घातले, मागे हात फिरवून सगळ्या पिना घट्ट असल्याची खात्री केली आणि निकाल दिला.

"बाबा, सगळं पुसून नवी सिस्टीम टाकावी लागेल."

"आणि माझ्या मॅच?"

"त्या जातील. हे डबडं इतकं जुनं आहे की त्यातून काही काढून घेणं मला तरी जमणार नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जाऊ दे मग. शिट्टीच ऐकू येत नाही, तर त्या मॅचचं काय लोणचं घालू?"

दारात उभ्या जावयाची झोप खाडकन उडाली. तोंड उघडावं तर अब्रू जाते, मिटावं तर म्हाताऱ्याची उभी हयात पुसली जाते. पडद्यावर मुकी मॅच चालूच होती आणि मेव्हण्याचं बोट बटणाकडे निघालं होतं.

"थांब रे! मी जरा मागची धूळ पुसतो."

"भावोजी, हा कंप्यूटर आहे. पावाच्या पिठासारखा थापटून फुगायचा नाही."

"पुसू दे त्यांना," बायको म्हणाली. "एरवी कधी फडकं हातात घेतात?" आणि ती बॅटरी घेऊन शेजारी उकिडवी बसली.

जावई टेबलाखाली शिरला. पोट मात्र बाहेरच अडकलं. श्वास आत ओढून तो आणखी वीतभर सरकला, पिन उपटली आणि चाचपडत जुन्या जागी खुपसली.

शंभरावरच्या आवाजात शिट्टी वाजली. जावयाचं डोकं टेबलावर आपटलं.

"पेनल्टी!" सासरे खुर्चीतून उठून ओरडले. "बघ, अचूक पेनल्टी! जावईबापू, तुम्ही तर जादूगार निघालात!"

मेव्हण्याचा चेहरा पडला. "धूळच असणार," तो पुटपुटला.

टेबलाखाली बायकोची बॅटरी अजून जळत होती. उजेड डब्याच्या पाठीवर स्थिरावला होता. वर्षानुवर्षांच्या काळ्या धुळीत, गुलाबी छिद्राशेजारी, पिठानं माखलेल्या अंगठ्याचा पांढराशुभ्र ठसा होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आज तर तुम्ही अंघोळ करून आलाय. मग हा ठसा कधीचा?"

जावई टेबलाखाली आणखी वीतभर आत सरकला.

बायकोनं फडकं घेऊन तो ठसा स्वतःच्या हातानं पुसला आणि उठून उभी राहिली.

"बाबा, हा पुन्हा बिघडला तर हो? यांच्या खोलीतच हलवू या. डॉक्टर उशाशी असलेला बरा."

"वा! एकदम योग्य सूचना," सासरे म्हणाले.

"पण मी काय म्हणतो..." टेबलाखालून जावयाचा आवाज आला.

सासऱ्यांनी हात वर केला. पंचांचा निर्णय झाला होता.

दुसऱ्या दिवशी नऊला जावई आडवा झाला तेव्हा उशीवर कापसाचे दोन बोळे ठेवलेले होते. उशाशी सासरे खुर्ची सरसावून बसत होते.

"निवांत झोपा तुम्ही," ते म्हणाले. "काही बिघडलं तर उठवतो."