परातीतलं पाणी

"अहो काका, सीट भिजली तर मला बोलणी बसतील!" शोरूमची विनिता गाडीमागे धावत आली.

"भिजली तर गाडी तुमची, नाय भिजली तर आमची," पदू म्हणाला. मागच्या सीटवर, उमावहिनी बसतील त्या जागी त्याने परात ठेवली, परातीत पितळी तांब्या ठेवला आणि तो काठोकाठ भरला.

सत्तावीस वर्षं पदू कर्जतला दत्तोपंतांच्या घरची गाडी चालवत होता. आधी जीप होती, तेव्हा पंतांचा पहिलीतला यज्ञेश त्याच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचा. मग डिझेलची मोठी गाडी आली. दत्तोपंत गेले. दोन वर्षांपूर्वी उमावहिनींचा खुबा मोडला, आणि आठवड्यातून दोनदा पनवेलचा दवाखाना सुरू झाला. गाडी उंच. वहिनींना पाय टेकायला पदूने आंब्याच्या फळीचा बुटका पाट स्वतःच्या हाताने केला. गाडी थांबली की आधी पाट, मग दार, मग वहिनींचा हात.

आता डिझेलची गाडी थकली होती. यज्ञेशने तीन गाड्या काढून ठेवल्या होत्या. एक पेट्रोलची, गिअरवाली, मदतीला नुसती लहानशी बॅटरी. दुसरी हायब्रिड, कधी बॅटरीवर तर कधी इंजिनावर चालणारी. तिसरी निव्वळ विजेची.

"पदूकाका, तिन्ही चालवून बघा," तो म्हणाला होता. "आई म्हणते, पदू सांगेल ती."

पदू सांगेल ती! हे तीन शब्द पदूने पोशीरला घरी जाऊन बायकोला तीनदा ऐकवले. मैना भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"गिअरवाली सांगा."

"का गं?"

"सूनबाईला गिअर जमत नाय. परवा गेटच पाडलान तिनं. बाकीच्या दोन कोन पन चालवील. मंग तुमाला कोन इचारतंय?"

"गप गं. वैनी तशा नायत."

"नसतील. पन तुमी गिअरवालीच सांगा."

म्हणून त्याने गिअरवाली पहिली घेतली. क्लचवर पाय पडताच त्याला घरी आल्यासारखं वाटलं. चौक गावाच्या रस्त्याला तो आयुष्यात कधी चालवली नसेल इतकी हळुवार गाडी चालवत गेला. गिअर बदलताना पाय असा उचलायचा, जसं निजलेलं मूल उचलून बाजूला ठेवावं. परत येऊन पाहिलं तर परातीत दोन बोटं पाणी होतं.

हायब्रिड बरीच शहाणी निघाली, पण चढावर इंजिन जागं झालं की अंगात शहारा यायचा. बोटभर पाणी सांडलं.

विजेची गाडी तेच खड्डे, तेच गतिरोधक घेऊन आली, तेव्हा परातीचा तळ नुसता ओलावला होता. सीटही बुटकी. वहिनी पाटाशिवाय बसल्या असत्या. घरी चार्ज करून निघालं तर पनवेलला जाऊन आरामात परत. पदूने खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. निघेना.

विनिता फोनवर बोलत होती. परातीतलं पाणी त्याच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. तो थोडा वेळ परात हातात धरून उभा राहिला, मग तांब्यातलं पाणी कडेच्या झाडाला ओतलं.

"विजेची घ्या," संध्याकाळी ओटीवर तो म्हणाला. "वैनींच्या खुब्याला हिसका बसायचा नाय."

"आणि चालवायला कशी आहे?" ईशानी सूनबाईंनी विचारलं.

"एवढी सोपी, म्हशीवर बसनारं पोर पन चालवील!" पदू अभिमानाने म्हणाला. जणू गाडी त्यानेच बनवली होती.

यज्ञेश आणि ईशानीने एकमेकांकडे पाहिलं. दोघं हसली. पदूला वाटलं, आनंदाने हसली.

गाडी यायच्या आधी पंधरा दिवस त्याने ईशानीला रोज शोरूमच्या गाडीवर हात बसवून दिला. "शिकव हो तिला नीट," वहिनी म्हणाल्या होत्या, "अडीअडचणीला बरं." त्याने नीट शिकवलं. चौकच्या रस्त्यावरचे सगळे खड्डेसुद्धा पाठ करून घेतले.

पूजेच्या दिवशी हार त्यानेच घातला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, काका. ती लावावी लागत नाही," म्हणत ईशानी ड्रायव्हरच्या जागी बसली. शेजारी यज्ञेश. मागे वहिनी, पाटाशिवाय, सहज बसल्या. त्यांच्या बाजूच्या सीटवर औषधांची पिशवी.

पदू उघड्या दाराशी उभा राहिला.

"पदू, आता कशाला तुला दगदग?" वहिनी म्हणाल्या. "ईशानी नेईल. तूच म्हणालास ना, म्हशीवरचं पोरही चालवील?"

सगळे हसले. पदूही हसला.

"आणि तो पाट घेऊन जा बाई आजच. येता-जाता पायात येतो."

त्याने दार लावलं, हलकेच, वहिनींना आवडायचं तसं. गाडी निघाल्याचं त्याला ऐकूसुद्धा आलं नाही. लिंबं फुटली, तेवढाच आवाज.

दुपारी पोशीरच्या मिनिडोर रिक्षात तो पाट मांडीवर घेऊन बसला होता.

"ओ मामा, तो पायाखाली घ्या," ड्रायव्हर ओरडला. "मान्सांना जागा होऊ द्या."

त्याने पाट खाली ठेवला, त्यावर दोन्ही पाय ठेवले. पुढे चढ लागला. ड्रायव्हरने गिअर बदलायच्या आधीच पदूने डाव्या पायाने पाट दाबला, आणि मग हळूच, तांब्यातलं पाणी हलू नये असा, पाय वर उचलला.