उरलेली एक ओळ

गाडी कडेला न थांबवता निरोप वाचला, की माझ्या मालकाचे एक मिनिट वाचायचे आणि पुढचे भाडे पक्के व्हायचे. फायदा काय तो एवढाच. मित्रांनो, मी टॅक्सीच्या डॅशबोर्डवरची एक जुनी स्क्रीन आहे.

कारखान्यातून आले तेव्हा माझी अक्षरे बारीक, नीटस होती. मालक येणाऱ्याजाणाऱ्याला मला कौतुकाने दाखवायचा. पुढे त्याची नजर अधू झाली. बायको म्हणायची, "अहो, चष्मा करून घ्या."

"चष्मेवाला दिसलो तर लोक म्हातारा समजून दुसरी गाडी बोलावतील."

"आणि आता डोळे किलकिले करता, तेव्हा काय राजबिंडे दिसता?"

यावर त्याने शक्कल लढवली. माझी अक्षरेच चौपट मोठी केली. झाले! निरोप एका नजरेत मावेना. दोन शब्द वाचायचे, बोटाने वर सरकवायचे, पुन्हा दोन वाचायचे. जिथे एकदा बघून भागत होते, तिथे तो चारदा बघू लागला.

त्या दुपारी बायको शेजारी बसली होती. ती शिवणकाम करायची. शिवलेले कपडे गिऱ्हाइकाकडे पोहोचवायचे होते. गाडी वेगात होती. पुढच्या भाड्याचा निरोप आला आणि मी उजळले.

"मी वाचते. तुम्ही समोर बघा."

"झालंच. एकच ओळ राहिली."

मी रस्त्याकडे पाठ करून बसते. मला पुढचे दिसत नाही, माणसांचे चेहरे तेवढे दिसतात. तिचे डोळे समोर थिजले. त्याचे माझ्यावरच होते. मला ओरडायला तोंड नाही. अक्षरे आहेत, आणि तीच तर तो वाचत होता.

"अहो, ट्रक थांबलाय—"

उभ्या ट्रकला फक्त ओरखडा आला. माझा कोपरा तडकला. मालकाचे कपाळ खरचटले.

आता तो चष्मा लावतो आणि गाडी चालू असताना मला काळी ठेवतो. मला त्याचे वाईट वाटत नाही. मित्रांनो, चालत्या गाडीत माझ्यासारखीकडे खुशाल दुर्लक्ष करा, थांबल्यावर वाचा.

ती उरलेली ओळ होती, 'फाटकापाशी थांबा.' ती वाचायची घाई मालकाची. धक्क्याच्या वेळी डॅशबोर्डवर टेकलेला उजवा हात बायकोचा. मनगटाचे हाड जुळले, पण त्या हातात कात्री काही धरवत नाही. जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, की शेजारच्या सीटवरून ती हळूच सांगते, "आता मी शिवत नाही."