सत्तावीस नंबरचा शिक्का

“ये शिक्का आपकाही है ना, मनोहरदा?” बंदुकीच्या दुकानाचे मालक दत्तबाबू रिव्हॉल्व्हर पुढे सरकवत म्हणाले.

मनोहररावांनी आधी ते उघडून रिकामं असल्याची खात्री केली, मग चष्मा चढवला. घोड्याखाली बारीक सत्तावीस. बराकपूरजवळच्या सरकारी बंदूक कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी रिव्हॉल्व्हरं तपासली होती. पास केल्यावर त्यांचा सत्तावीस नंबरचा शिक्का बसला की वरचे साहेबही पुन्हा बघत नसत. निवृत्तीला चौदा वर्षं झाली, तरी तेवढ्या एका आकड्यावर हा माणूस अजून ताठ चालत होता. म्हणून तर दत्तबाबूंचा फोन येताच लेकीचं, मुग्धाचं, ‘बाबा, आता कशाला?’ कानाआड करून ते सॉल्ट लेकहून बसने इथवर आले होते.

“कल रेंज में कार्तूज पूरा बैठाही नहीं,” रिव्हॉल्व्हरचे मालक, म्हातारे सान्याल वकील तणतणले. “चलाने के बाद खाली खोका भी बाहर नहीं निकलता. किसने पास किया? अंधा था क्या?”

मनोहररावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी तपासणीची खोटी काडतुसं घातली. सहाही केसभर वर राहिली. आलटून पालटून पाहिली, तेच. खरंच नजर चुकली होती? मग अशी आणखी किती सुटली असतील?

काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणीच्या आकाराची पट्टी उचलून त्यांनी खालून टाचणी फिरवली. चिकट, लाल काहीतरी निघालं. तेलात घट्ट झालेला सिंदूर! त्याच्यामुळे चांदणी ना पुरती खाली बसत होती, ना पुरती वर येत होती. विश्वकर्मा पूजेला कारखान्यात प्रत्येक लेथला हाच टिळा लागायचा. आभाळभर पतंग, पत्रावळीवर वाफाळती खिचुडी, आणि सिंदुराची वाटी घेऊन कोणी तपासणीच्या टेबलाकडे वळलं की मनोहररावांची आरडाओरड. काय दिवस होते! आनंदाने त्यांना हसूच फुटलं. सांगायला तोंड उघडलं, तोच सान्याल म्हणाले,

“जरा सँभालके. मेरी मिसेस हर साल इसका पूजा करती थी. बीस साल. फाल्गुन में चली गयी.”

टाचणी हवेतच थांबली. आता पुन्हा सिंदूर लावणारं कोणी नव्हतं, म्हणजे बिघाडही पुन्हा होणार नव्हता. मनोहररावांनी सान्यालांना दिसायच्या आत लाल गाळ चिंधीत गुंडाळला, चांदणी रॉकेलने धुतली. सहाही काडतुसं तळाला बसली आणि उघडताच सहाही सुटून हातात आली.

“तो गलती किसका था?” सान्यालांनी विचारलं.

“हमारा,” मनोहरराव म्हणाले. “पास करते वक्त चूक गये.”

“देखा? हम पहलेही बोला था,” सान्याल म्हणाले, आणि दत्तबाबूंनी चिंधीकडे एकदा बघून ती काउंटरखाली सरकवली.

घरी मुग्धाने दार उघडलं. “मग? शिक्का तुमचाच होता?”

“माझाच.”

“आणि बिघाड?”

“तोही,” ते म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.