‘आत्या, पेटी!’

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. पेटी म्हटल्यावर वाजवायची समजू नका. वाजते मीही, पण बुक्की घातल्यावर. माझं झाकण डाव्या कोपऱ्यात अडकतं. तिथे मुठीने एक सणसणीत ठोका द्यायचा आणि लगेच कडी उचलायची, तरच मी उघडते. ही खुबी फक्त आत्याला ठाऊक होती, आणि त्याचा मला कोण अभिमान होता.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून, कडा वळवून त्याने मला घडवलं आणि वरून हिरवा रंग दिला. आत्याच्या वडिलांनी मला हत्यारं ठेवायला घरी आणलं. आत्या तेव्हा कॉलेजात होती. तिच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात ऐन वेळी स्टेजची फळी निखळली. सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले, आणि आत्या मला घेऊन धावली. फळी ठोकून झाली, पण मी स्टेजवरून खाली आपटले. माझा कोपरा चेपला तो तेव्हा. त्या दिवसापासून घरात लग्न म्हटलं की आत्या, आणि आत्या म्हटलं की मी.

हळूहळू माझ्या पोटातली हत्यारं कमी झाली. त्यांच्या जागी सुई-दोरा, सेफ्टी पिना, सुतळी, चिकटपट्टी, डोकेदुखीच्या गोळ्या आणि बुटांच्या जादा नाड्या आल्या. कुणाचं बटण तुटलं, कुणाला चक्कर आली, की एकच हाक ऐकू यायची, ‘आत्या, पेटी!’ भावाचं लग्न, भाच्यांची लग्नं, शेजाऱ्यापाजाऱ्यांची लग्नं, आम्ही दोघींनी सगळी पार पाडली. लोक म्हणायचे, “आत्या नसती तर आमची फजितीच होती.” त्यावर ती म्हणायची, “पेटी नसती तर, असं म्हणा,” आणि माझ्या झाकणावर हात ठेवायची. मी अशी हुरळून जायचे की काही विचारू नका. एरवी तिच्या पलंगाखाली धूळ खात पडायचे, पण तक्रार नव्हती. पुढचं लग्न येणारच होतं.

आलं. आत्याच्या भावाच्या मुलीचं, म्हणजे तिच्या लाडक्या भाचीचं. एका दुपारी भाची आणि तिचा होणारा नवरा घरी आले आणि म्हणाले, आम्ही वेडिंग प्लॅनर ठरवतोय.

भाऊ उखडलाच. “घरात आत्या असताना बाहेरची बाई कशाला? तुझ्या थोरल्या काकांना पंख्याखाली बसवलं की सर्दी होते, हे तिला काय माहीत?”

“सांगितलं की कळेल तिला,” होणारा जावई हळूच म्हणाला.

“बाबा, आम्हाला दोघांना नोकऱ्या आहेत. हॉल, फुलं, जेवण, गाड्या, एवढं सगळं कोण बघणार?” भाची म्हणाली.

“आत्या बघेल,” भाऊ म्हणाला. हे म्हणताना त्याने आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी पलंगाखालून सगळं ऐकत होते. आत्या म्हणाली, “ठेवा की ती बाई. मी नुसती येईन.”

भावाने विचारलं, “ताई, राग आला का?”

“नाही रे बाबा,” ती म्हणाली. पण कुणाचा विश्वास बसला नाही. माझा तर मुळीच नाही. मला वाटलं, बिचारी अपमान गिळते आहे. त्या भाचीचा असा संताप आला! लहानपणी तिच्या दप्तराचे बंद कितीदा तुटले, ते शिवायला दोरा कुणाच्या पोटातून निघाला होता?

लग्नाच्या दिवशी आत्या मला न घेताच निघाली. भावानेच मला गाडीत टाकलं. “असू दे, वेळेला लागते,” म्हणत त्याने मला स्टेजच्या पडद्यामागे ठेवलं. प्लॅनरबाईच्या कानात बोलायचं यंत्र होतं, म्हणून मी तिचं नाव कानवाली ठेवलं. तिची स्वतःची एक प्लास्टिकची पेटी होती. तिला खणच खण, आणि झाकण कसं बोटाने उघडायचं! मी मनात म्हटलं, थांब, पडशील तोंडावर, मग बघते तुझा तोरा.

पण कसलं काय! गाड्या वेळेवर आल्या. फुलं ताजी होती. थोरल्या काकांची खुर्चीसुद्धा पंख्यापासून लांब मांडलेली. मी अगदी हिरमुसून गेले.

आणि भाची स्टेजवर चढणार, तोच तिच्या पोशाखाची शिवण खांद्यापासून टर्रकन उसवली. कानवालीने सुई काढली, पण ते जाडजूड कापड, नाजूक सुई मोडलीच. दुसरीही मोडली. जाड सुई आणि मेण लावलेला दोरा माझ्या पोटात होता. भावाने बोट दाखवलं, तशी कानवाली माझ्याकडे धावली. कडी ओढली, पाना घातला, तिच्या माणसाने मला आडवंतिडवं करून पाहिलं. मी दातखीळ बसल्यासारखी गच्च मिटून राहिले. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

भाची खांदा धरून रडवेली उभी. भावाने पडद्याबाहेर तोंड काढून हाक मारली, “ताई, पेटी!”

आत्या आली, पण धावत नाही. ठेवणीतले कपडे घातलेले, हातात सरबताचा ग्लास. तो तिने खालीसुद्धा ठेवला नाही. कानवालीला म्हणाली, “इथे, या कोपऱ्यावर बुक्की घाल. जोरात. आणि लगेच कडी उचल.”

माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. कानवालीने बुक्की घातली. मी उघडले. न उघडून करते काय?

“जमलं की तुला,” आत्या म्हणाली आणि परत वळली.

भावाने विचारलं, “ताई, तू नाही का शिवणार?”

“अरे, आजवर आपल्या घरातलं प्रत्येक लग्न मी अशाच पडद्यामागून ऐकलं. पाहिलं एकही नाही. कुणी विचारलं का कधी, आत्या, तुला पुढे बसायचंय का? ही बाई मलाच हवी होती रे. पोरीने तिला ठरवलं, तेव्हा मनातल्या मनात मी तिला दुवाच दिला.”

भाऊ तिच्याबरोबर बाहेर गेला आणि पहिल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची ओढली.

पाहुणे पांगल्यावर कानवाली मला परत द्यायला आली. आत्या म्हणाली, “राहू दे तुझ्याकडेच. तुझ्या कामाची आहे. माझ्याच्याने आता उचलवत नाही.” एवढं बोलून ती गाडीत बसली. माझ्या झाकणावर हात ठेवायचंही तिला सुचलं नाही. कानवालीने नव्हे, भाचीनेही नव्हे, माझा गळा कापला तो आत्याने.

आता मी कानवालीच्या ऑफिसात कपाटावर असते आणि परक्यांच्या लग्नांना जाते. रोज कुठलंतरी जोडपं येतं आणि आपसांत कुजबुजतं, प्लॅनर खरंच हवी का, आपली मावशी आहे ना सगळं बघायला? मला बोलता आलं असतं, तर म्हटलं असतं, अरे, आधी मावशीला विचारा. तिला धावायची हौस असेल तर पैसे वाचवा. तिला बसायचं असेल तर खुशाल ठरवा बाई. मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एक आत्या असेल, तिला हाक मारण्याआधी एकदा विचारून बघा.

आत्याचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. तिचे गुडघे दुखत होते, ते मला कुणापेक्षाही जास्त माहीत आहे. पण जिला जन्मभर कुणी काही विचारलं नाही, तिने मला तरी विचारायचं होतं. विचारलं असतं, तर मी कदाचित हो म्हणाले असते.