डाग नसलेलं घर

“अंगावर काय बी सरसरलं की जागच्या जागी दाबायचं. दाबायचं आनि चोळायचं. ती तिची बोटं हायेत.”

कोंडाजी भगताने हे सांगितलं आणि साठ-सत्तर तळहात माना, दंड, पोटऱ्या यांवर एकदम आपटले. मग कुणी हललं नाही. वाडीतल्या मोठ्या घरच्या हैबतरावांच्या अंगणात गॅसबत्ती सूं-सूं करत होती. ती इतकी खाली टांगली होती की उभं राहणाऱ्याचं कपाळ तिला लागावं. तिच्याभोवती माणसं दाटीवाटीने बसलेली, बायकांनी लेकरं पदराखाली घेतलेली. भगत स्वतः उजेडात नव्हता. तो दहा हात लांब, ओट्याच्या कोपऱ्यात, धुपाच्या धुरामागे बसला होता. धुरातून नुसता आवाज यायचा.

“सात दर्यांच्या पल्याडचा डाग मी हितं बसून वाचतो. डाग न्हवं त्यो, सही हाय. चेटकीन खाडाखोड करत न्हाई. एकदा करती, पक्की करती.”

एकेक जण पुढे सरकून सही दाखवायचा. कुणाच्या मानेवर लाल पट्टा, जणू तापलेलं उलथणं ओढलेलं. कुणाच्या पट्ट्यावर पाण्याचे फोड. कोपराच्या लवणीत तर समोरासमोर दोन डाग, एकाचा आकार दुसऱ्यात उतरलेला. धुरातला आवाज म्हणाला, दात आहेत ते, वरचा एक, खालचा एक. एक म्हातारा रडायला लागला. त्याच्या मांडीवर राखेची पुडी येऊन पडली. आठ दिवस लाव, जाईल.

आणि डाग खरोखर जायचा. चमत्कार तो हाच. एक जायचा, दुसरा उठायचा.

साल एकोणीसशे एकसष्ट, आश्विन महिना, मुळशीतली एक वाडी. भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या आणि शेत घरांच्या भिंतींपर्यंत येऊन टेकलं होतं. मी हिवतापखात्याचा माणूस. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, ताप आला होता का विचारायचं, आला असेल तर बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. लोक मला डासवाले म्हणत. चार बुकं शिकलेला मी मागे उभा राहून या सगळ्याला हसत होतो, असं लिहायला मला आवडलं असतं. माझ्या मानेवर सरसरलं तेव्हा मीही फटकन हात मारला. सदऱ्याची कॉलर होती.

मग हैबतराव आपल्या जयाला घेऊन पुढे आले. सहा वर्षांची पोर. तिचा उजवा डोळा सुजून पार मिटला होता, पापणीवर कातडी सोलवटलेली. तिची आई गोजराबाई खालच्या आवाजात म्हणाली की परवा खेकडे विकणाऱ्या साळूने हिच्या तोंडावरून हात फिरवला होता.

भगताने एकच गोष्ट विचारली. सगळ्या गावाला डाग आहे. डाग नसलेलं घर कोणतं?

कुणीतरी म्हणालं, साळूबाईचं.

“सही करनारा सोताच्या अंगावर करत न्हाई,” भगत म्हणाला.

ठरलं. मंगळवारी दिवेलागणीला साळूबाईने कढत्या तेलातून तांब्याची अंगठी काढायची. हात भाजला नाही तर ती निर्दोष. तिच्या दाराशी दोन माणसं बसवली. सत्तर माणसांत एकजणही नको म्हणाला नाही. मीही नाही.

*

रविवार, सकाळ. माझ्या वहीत तापाचा रकाना होता. त्याच्या शेजारी मी दोन रकाने आखले.

घर अकरा. ताप नाही. डाग चौघांना. भगताच्या बत्तीला रोज जातात.

घर सतरा. ताप नाही. डाग तिघांना. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, तो बत्तीला जात नाही. त्याला डाग नाही.

घर एकोणतीस. साळूबाई, विधवा. सून, दोन नातवंडं. ताप नाही. डाग नाही. बत्तीला जात नाहीत, कारण कुणी बोलावत नाही. घरात रॉकेलची चिमणी, तीही जेवणापुरती.

मी दोन्ही रकाने तीनदा वाचले. मग बत्तीवाल्या गनीकडे गेलो.

गनी पौडचा. लग्नांत, तमाशांत भाड्याने बत्त्या लावायचा. तो हैबतरावांच्या ओट्यावर बत्तीची काच पुसत बसला होता. त्याच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, जुने काळपट आणि नवे लाल डाग होते. घाबरलेला मात्र दिसला नाही. दरसाल भात निसवलं की हे होतं, म्हणाला. रॉकेलने आग होत असेल, असा त्याचा अंदाज. भगताची बत्ती गेल्या साली दुसऱ्या एका गावात त्यानेच लावली होती. तिथेही भगत बत्ती खाली टांग म्हणाला, तिथेही दाबा आणि चोळा. कापणी झाली की भगत उठून जातो.

“तितं बी येक बाई निघालीच,” गनी म्हणाला.

तिचं काय झालं, मी विचारलं.

तो काच पुसत राहिला. “हात गेला तिचा, साहेब.”

*

रविवार, दुपार. साळूबाई भाताच्या बांधातले खेकडे धरून पौडच्या बाजारात विकायची. त्या दिवशी टोपली उपडी पडली होती. दारावरच्या दोघांना मी सांगितलं की बोट टोचायचं आहे. सरकारी काम म्हटल्यावर त्यांनी वाट दिली.

ती चुलीपाशी बसली होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “किडा हाय त्यो, दादा.”

परड्याला लागूनच भात होतं. तिने हात घालून एक लोंबी वाकवली, तळहात खाली धरला. हातावर मुंगीएवढा लांबट किडा उतरला. मधे केशरी, डोकं आणि शेपूट काळं. चालताना शेपूट वर उचलायचा, विंचवाच्या पिल्लासारखा. मी मागे सरकलो. तिने फुंकर मारली आणि तो गेला. नाव काय याचं, मी विचारलं. नाव कुणी ठेवलंच नाही, म्हणाली. चावत नाही, डसत नाही. चिरडला की त्याच्या अंगातलं पाणी कातडी जाळतं. उजेडावर येतो.

“नवी नांदायला आलते तवा मी बी चिरडला व्हता. आता फुंकर मारती. लेकरास्नी तेच शिकवलंय.”

“मग गावाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. म्हनले, बगा, किडं बी हिच्या वळखीचं हायेत.”

मी जयाचं विचारलं. पोरीच्या डोळ्याजवळ किडा बसला होता. फुंकर मारायला ती वाकली, पोर दचकली आणि पोरीनेच डोळा चोळला. “मी हात बी लावला न्हाई तिला. गोजराबाईनं लांबून बगितलं.”

माझा विश्वास बसला, असं नाही. एवढासा किडा, आणि एवढा डाग? मी विचारलं, आज चिरडला तर डाग कधी उठतो?

“दुसऱ्या न्हाईतर तिसऱ्या दिशी. म्हनून तर कुनाला उमगत न्हाई.”

रविवार दुपार. मंगळवार दिवेलागण. मी बोटांवर मोजलं. जेमतेम दोन दिवस.

*

रविवार, चार वाजता. हैबतरावांनी मला ओट्यावरूनच परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, मी डासांचं बघावं. मी घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो. गोजराबाई जयाच्या डोळ्यावर ओलं फडकं धरून बसली होती.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही, कळेना. मी रक्ताची काच काढली, साळूबाईच्या परड्यातून काडेपेटीत आणलेले पाच किडे काचेवर चिरडले आणि माझा डावा हात पुढे केला. म्हणालो, “वहिनी, तुम्हीच काढा. तुम्हाला वाटेल ते चित्र. मला किंवा साळूबाईला ठरवू देऊ नका.”

“माझ्यानं न्हाई व्हनार.”

“डाग उठला नाही तर मंगळवारी मीच अंगठी काढतो.”

हे मी का बोललो, मला आजही माहीत नाही. तोंडातून गेलं.

तिने भाताची काडी उचलून काचेवरच्या पाण्यात बुडवली. तिला लिहिता येत नव्हतं. काढता येत होतं ते तिने माझ्या हातावर काढलं: अर्धा चंद्र आणि खाली आडवी रेघ. वाळल्यावर काहीच दिसेना.

“कुणाला सांगू नका,” मी म्हणालो.

“कुन्या तोंडानं सांगू? साळूचं नाव मीच घेतलंय.”

*

सोमवार. काही नाही.

*

सोमवार, अजून. गनीबरोबर पौडच्या पोलीस ठाण्यात चिठ्ठी पाठवली होती, तो ती देऊन परतला होता. उत्तर यायला वेळ लागणार होता, आणि वेळच नव्हता. मी दर घटकेला बाही वर करत होतो. कातडी गुळगुळीत, केस जागच्या जागी. दोन भीती एकमेकींना ढकलत होत्या. डाग उठला तर माझी कातडी सोलणार. नाही उठला तर तेल.

ज्या घरांत मी चहा प्यायलो होतो, ज्या लेकरांची बोटं टोचताना त्यांना गोष्टी सांगितल्या होत्या, तीच घरं आज चुलवणासाठी लाकडं देत होती. कुणी रागात नव्हतं, तेच भयंकर होतं. लग्नाला द्यावीत तशी देत होती.

*

मंगळवार. सकाळी कोपराखाली मुंग्या आल्यासारखं झालं. दुपारी जळजळ. लाली आली, पण नुसती लाली. तिला आकार नव्हता. चारनंतर मी बाही खाली ओढली आणि बघणं सोडून दिलं. भीतीमुळे.

दिवे लागले. अंगणात चुलवणावर कढई होती, तेलाला धूर सुटत होता. साळूबाई कढईजवळ उभी होती. पदर खोचलेला, उजवा हात कोपरापर्यंत उघडा. त्या हातावर एकही डाग नव्हता आणि सगळं गाव तेच बघत होतं. तिची सून दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होती.

भगत धुरातून म्हणाला, घाल हात.

मी बत्तीखाली जाऊन उभा राहिलो. कपाळाला काच लागली, भाजलं. बाही वर केली. माझ्या आधी पुढच्या रांगेने बघितलं. रांगेतून सुस्कारा उठला, तेव्हा मी खाली नजर टाकली. अर्धा चंद्र. खाली आडवी रेघ. रेघेवर मोहरीएवढे फोड.

“बगा,” भगत म्हणाला. “डासवाल्याला बी सोडला न्हाई तिनं.”

गर्दी कढईकडे सरकली. मी म्हणालो, “तुम्ही सह्या वाचता ना? ही वाचा. कुणाची आहे?”

“साळूची. सात दर्यांच्या पल्याड वाचीन.”

पुढच्या रांगेतला एक गुराखी मान लांब करून बघत होता. तो म्हणाला, “आरं, ह्यो तर हैबतरावांच्या बैलांवर डागत्यात त्यो डाग.”

कुणी हसलं नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. “मी काडलाय त्यो. ऐतवारी, भाताच्या काडीनं.”

हैबतराव उठले. “गोजरा, आत जा.”

“न्हाई जात. सही माजी हाय. तेलात हात घालायचा तर माजा घाला.”

गावच्या मोठ्या घरच्या लक्ष्मीला चेटकीण म्हणायचं, म्हणजे त्या घरचं जेवण, ओटा, बत्ती, सगळं सोडायचं. भगत हिशेबी माणूस होता. तो नुसता खोकला.

मग साळूबाई कढईपासून हलली. बत्तीच्या तळाशी आठ-दहा किडे फिरत होते. त्यांतला एक तिने हातावर घेतला आणि सावकाश चालत धुराकडे गेली. तिला कुणी अडवलं नाही.

“भगत, हात फुडं करा. दाबती, चोळती. तुमीच सांगितलंय.”

कोंडाजीने दोन्ही हात काखेत दाबले. तो मागे सरकला, धुपाटणं लवंडलं, पाठ भिंतीला लागली. साळूबाईने दोन बोटं किड्यावर आणली.

“चिरडू नगंस,” तो म्हणाला. “चिरडू नगंस हितं.”

सत्तर माणसांनी ऐकलं. ज्याला किडा ठाऊक नव्हता, तो किडा चिरडायला भ्यायला नसता.

साळूबाईने फुंकर मारली. गनी न सांगता उठला आणि त्याने बत्ती काढून अंगणाबाहेरच्या चिंचेच्या उंच फांदीला नेऊन टांगली.

*

भगत त्याच रात्री निघून गेला. त्याला कुणी मारलं नाही, जाब विचारला नाही. मला वाटतं, लोकांना एकमेकांकडे बघायची लाज वाटत होती. जयाचा डोळा नवव्या दिवशी उघडला, राखेशिवाय, नुसत्या स्वच्छ पाण्याने. तरी एक-दोन घरांत अजून म्हणतात की राख लावली असती तर सातव्या दिवशी उघडला असता. गोजराबाई साळूबाईच्या दाराशी तीनदा गेली. दार चौथ्यांदा उघडलं.

आता सरळ सांगतो. भात निसवतं तेव्हा हे किडे उजेडावर येतात. बत्ती माणसांपासून लांब आणि उंच टांगा. अंगावर बसला तर फुंकर मारा, चिरडू नका. चिरडलाच तर साबणाने लगेच धुवा, तो हात डोळ्याला लावू नका. डाग आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. त्याला भगत लागत नाही.

आणि एवढं लक्षात ठेवा. किड्याने त्या वाडीत कातडीपलीकडे काही जाळलं नसतं. तेल आपण तापवलं होतं. डाग दिसतो आज, पण लागलेला असतो दोन दिवस आधी, आणि मधल्या दोन दिवसांत भगत येऊन बसतो. तेव्हा डाग उठला की शेजारणीच्या हाताकडे बघू नका. दोन दिवस मागे जा आणि स्वतःला विचारा: तेव्हा मी कुठे बसलो होतो, आणि कुणाच्या सांगण्यावरून काय चिरडत होतो?